बर्फात ठेवूनही प्रथिन तुटतंय, प्रोटीएज इनहिबिटर नक्की कुठला घालायचा?

रानजाई | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बायोकेमिस्ट्रीत पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, शेळीच्या यकृतातून कॅटलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) वेगळं करतेय. कॅटलेजची एक साखळी साधारण ६० किलोडाल्टनची, त्यामुळे जेलवर (त्यात प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी होऊन पट्टे म्हणजे बँड दिसतात) ६० पाशी एक जाड बँड दिसायला हवा. माझ्याकडे तो दिसतो पण त्याच्याखाली ४५ च्या आसपास एक आणि ३० च्या जरा वर एक असे दोन बँड कायम येतात, आणि कॉलमनंतरही ते जात नाहीत. आधी वाटलं दुसरं काही प्रथिन बरोबर येतंय, म्हणून वेस्टर्न (अँटिबॉडीने जेलवरचं ठरावीक प्रथिन ओळखायची चाचणी) केलं, तर कॅटलेजची अँटिबॉडी खालच्या दोघांनाही धरते. म्हणजे तुकडे माझ्याच प्रथिनाचे आहेत.

सगळं काम बर्फात करते, सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर, बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीएमएसएफ हा इनहिबिटर १ मिलिमोलर. तरी तुटतंच आहे. गाइड म्हणतात पीएमएसएफ वाढव. सीनियर म्हणतो कॉकटेलच्या (अनेक इनहिबिटर एकत्र असलेल्या) गोळ्या मागव. गोळ्या मागवायच्या तर पुढच्या ग्रँटपर्यंत थांबावं लागेल. तुम्ही लोक काय घालता, किती घालता, आणि कशाने फरक पडला ते प्लीज सविस्तर सांगा.

घाटवाट | सोमवार, रात्री ९:३२

पहिला प्रश्न, पीएमएसएफ बफरमध्ये कधी घालतेस? बाटलीभर बफर करून त्यात एकदाच घालून ठेवतेस की रोज?

चार्ल्सकाठ | सोमवार, रात्री १०:०५

आमच्या बोस्टनच्या लॅबमध्ये गोळ्यांचा डबा फ्रिजमध्ये असतो, ५० मिली बफरला एक गोळी, छोटी गोळी असेल तर १० मिलीला एक. २ मिली पाण्यात मोठी गोळी विरघळवली की २५ पट स्टॉक होतो, तो उणे २० ला ठेवला की काही आठवडे चालतो, त्यामुळे एक गोळी पुरवून पुरवून वापरता येते. गोळ्या ईडीटीएसकट (धातू पकडून ठेवणारं रसायन) आणि ईडीटीएविना अशा दोन प्रकारच्या मिळतात, तेवढं मागवताना बघ. मी पहिल्या वर्षी निकेल कॉलमवर ईडीटीएवाला लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) चढवला होता. निळसर हिरवा कॉलम वरून खाली पांढरा होत गेला ते डोळ्यांसमोर बघितलंय, ईडीटीएने निकेलच ओढून घेतलं आणि हिस्टिडीन टॅगवालं (निकेलला चिकटणारी शेपटी जोडलेलं) सगळं प्रथिन न चिकटता फ्लो-थ्रूमध्ये निघून गेलं. तुझं प्रथिन सरळ टिशूमधलं आहे, टॅग नाही, त्यामुळे तुला ही भीती नाही.

खमंग_फोडणी | सोमवार, रात्री १०:२०

मी कॉमर्सवाली. शीर्षकात प्रथिन दिसलं म्हणून डाळींचा धागा समजून आले :) पण आता कुतूहल वाटतंय. प्रोटीएज म्हणजे काय आणि त्याला अडवायचं कशाला? आणि एचआयव्हीच्या औषधांत प्रोटीएज इनहिबिटर असं वाचलंय ते हेच का?

अंजनवेल | सोमवार, रात्री ११:४८

फोडणीताई, प्रश्न चांगला विचारलात. प्रोटीएज म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम. पोटात पेप्सिन, लहान आतड्यात ट्रिप्सिन ही त्यातलीच. प्रत्येक पेशीत अशा शेकडो कात्र्या असतात, पण पेशी जिवंत असेपर्यंत त्या आपापल्या कप्प्यात बंद असतात. आपण मिक्सरमध्ये घालून पेशी फोडली की कप्पे फुटतात आणि कात्र्या मोकाट सुटतात, मग जे प्रथिन अभ्यासायचंय तेच कातरलं जातं. इनहिबिटर म्हणजे कात्रीच्या पात्यात अडकवलेला लाकडाचा तुकडा समजा.

एचआयव्हीचं औषध तत्त्वाने हेच, फक्त कात्री विषाणूची. विषाणू आपली प्रथिनं एका लांबलचक साखळीत बनवतो आणि मग स्वतःच्या प्रोटीएजने तिचे कामाचे तुकडे करतो. ती कात्री अडवली की तयार होणारे विषाणू अर्धवट राहतात. अमेरिकेत असं पहिलं औषध, साक्विनाविर, १९९५ च्या डिसेंबरात मंजूर झालं. ही कात्री ॲस्पार्टिल जातीची (कापायच्या जागी कुठलं अमिनो आम्ल काम करतं त्यावरून जाती पडतात), आणि लॅबमध्ये आम्ही जे पेप्स्टॅटिन वापरतो तेही याच जातीला अडवतं.

रानजाई, तुला उद्या सविस्तर लिहितो. तोवर घाटवाट यांच्या प्रश्नाचं उत्तर दे. आणि तुझा पूर्ण बफर लिही, एकही घटक न गाळता. यकृत कुठून आणतेस, कसं आणतेस, तेही.

खमंग_फोडणी | मंगळवार, सकाळी ७:१५

काका, कात्री एकदम कळली. मग मटण शिजत नसलं की सासूबाई कच्च्या पपईचा तुकडा चोळून ठेवायच्या ते हेच का?

घाटेअळी | मंगळवार, सकाळी ८:०२

हेच! पपईच्या चिकात पपेन असतं, ते सिस्टीन जातीचं प्रोटीएज. अननसात ब्रोमेलेन, तेही त्याच जातीचं. म्हणून ताज्या अननसावर जिलेटिनची जेली धरत नाही, डब्यातला घेतला तर धरते, कारण तो उकळलेला असतो.

आणि उलटी बाजूही स्वयंपाकघरातच आहे. सोयाबीन कच्चं खाऊ नये म्हणतात कारण त्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, म्हणजे आपल्या पोटातली कात्रीच अडते. नीट शिजवलं की तो बराचसा निकामी होतो. हरभरा, तूर यांच्यातही असे इनहिबिटर असतात. झाडं ते किड्यांच्या पोटासाठी बनवतात. टोमॅटो-बटाट्याचं एक पान किड्याने कुरतडलं की झाडाच्या दुसऱ्या पानांतही इनहिबिटर वाढतो, हे १९७२ साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटेअळी आणि वनस्पतींचे इनहिबिटर यावर वर्षानुवर्षं काम झालंय. अळीही कमी नाही, एक प्रकारचं ट्रिप्सिन अडलं की ती पोटात दुसऱ्या प्रकारचं बनवायला लागते. माझं आयडी त्यावरूनच घेतलंय.

अवांतर झालं, माफी. पण रानजाई, तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध आहे. अळी जे करते तेच तुझ्या नळीत आहे. एका जातीचा इनहिबिटर घातलास, बाकीच्या जाती मोकळ्याच.

रोखठोक_सांगली | मंगळवार, सकाळी १०:३०

माझं मत वेगळं आहे. इनहिबिटरचं फार स्तोम माजवलंय. आम्ही नव्वदच्या दशकात एम.एस्सी.ला यकृतातून, मूत्रपिंडातून एन्झाइम काढली, एक थेंब इनहिबिटर नव्हता. भांडी आदल्या रात्री कोल्डरूममध्ये, पहाटे सहाला कत्तलखान्यात, आठला होमोजिनायझर (ऊतक भरडायचं उपकरण), दुपारी दोनपर्यंत अमोनियम सल्फेटचा कट (हा क्षार घालून प्रथिन खाली पाडणं) पूर्ण. मध्ये चहाला कोणी जायचं नाही. गोळी घातली म्हणून नमुना तासभर टेबलावर ठेवला तर गोळी काय करणार?

चार्ल्सकाठ | मंगळवार, दुपारी १२:१०

रोखठोकदादा, वेग आणि थंडी हवीच, त्यात वाद नाही. पण तुम्ही ॲक्टिव्हिटी मोजत होतात ना? टोकाचे दहा-वीस अमिनो आम्ल गेले तरी पुष्कळ एन्झाइम काम करत राहतात, ॲक्टिव्हिटीत काही कळत नाही. वेस्टर्न केलं की कळतं. आणि ज्यांना प्रथिनाला लागलेलं फॉस्फेट किंवा युबिक्विटिन बघायचंय त्यांची तर काही मिनिटांत वाट लागते.

रोखठोक_सांगली | मंगळवार, दुपारी १२:४०

हो, तेव्हा वेस्टर्न नव्हतंच आमच्याकडे. मुद्दा मान्य. पण पहाटे सहा मात्र सोडू नका.

रानजाई | मंगळवार, रात्री ८:५५

सगळ्यांना खूप धन्यवाद. उत्तरं देते.

बफर असा: सोडियम फॉस्फेट ५० मिलिमोलर पीएच ७.०, ईडीटीए १ मिलिमोलर, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ५ मिलिमोलर, पीएमएसएफ १ मिलिमोलर. सोमवारी एक लिटर करते, पीएमएसएफ तेव्हाच घालते, आठवडाभर कोल्डरूममध्ये ठेवून तोच वापरते.

यकृत आमच्या गल्लीतल्या खाटीक काकांकडून आणते. दर वेळी जाणं जमत नाही म्हणून महिन्यातून एकदा अर्धा किलो आणून पिशव्यांत भरून उणे २० ला ठेवते. कामाच्या दिवशी एक पिशवी सिंकमध्ये पाण्यात ठेवून तासाभरात मोकळी करते, मग बर्फात घेऊन तुकडे करते. त्यापुढचं सगळं बर्फातच.

घाटवाट | मंगळवार, रात्री ९:०३

सोमवारचा पीएमएसएफ मंगळवारी नसतो ग. पाण्यात तो आपोआप मोडतो. २५ अंशांना पीएच ७ ला त्याचा अर्धा भाग साधारण ११० मिनिटांत संपतो, ७.५ ला ५५ मिनिटांत, ८ ला तर ३५ च मिनिटांत. कोल्डरूममध्ये थोडा जास्त टिकेल पण शुक्रवारपर्यंत नाहीच. तू चार दिवस नुसता फॉस्फेट बफर वापरत होतीस.

असं कर. १७.४ मिलिग्रॅम पावडर १ मिली कोरड्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये, झाला १०० मिलिमोलर स्टॉक. उणे २० ला ठेव. बाहेर काढल्यावर तळाला सुया दिसतील, घाबरू नकोस, मुठीत धरून हलव, विरघळतात. होमोजिनायझर सुरू करायच्या अगदी आधी १ मिलीला १० मायक्रोलिटर या हिशोबाने घाल आणि घालताना बफर फिरता ठेव, नाहीतर थंड बफरमध्ये पडल्या पडल्या पांढरे धागे होतात आणि ते मग विरघळतच नाहीत. काम लांबलं तर तासाभराने परत घाल. आणि पावडर वजन करताना हातमोजे आणि मास्क हवेच, हे विषारी आहे, मज्जातंतूंच्या ॲसिटिलकोलिनएस्टरेजलाही अडवतं. याबाबतीत घाई नको.

स्पेक्ट्रम | मंगळवार, रात्री ९:४०

घाटवाट +१. त्या विषारीपणामुळेच आमच्याकडे एईबीएसएफ वापरतात, पाण्यात विरघळतं, जास्त टिकतं. पण ज्यांना नमुना पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) द्यायचाय त्यांनी जपून, ते जास्त झालं तर टायरोसीन-लायसीनला चिकटतं आणि वजनात १८३ डाल्टनची भर पडलेली दिसते. मला एकदा अशी भर दिसली आणि नवीन मॉडिफिकेशन सापडलं म्हणून दोन दिवस हवेत होतो.

दुसरं, मास स्पेकसाठी आपणच शेवटी ट्रिप्सिन घालतो ना प्रथिनाचे तुकडे करायला. त्याआधी इनहिबिटर धुऊन काढायला हवेत, ॲसिटोनने प्रथिन खाली पाडून घ्या किंवा जेलमधून कापून घ्या. नाहीतर आपलंच ट्रिप्सिन आपणच अडवून बसतो.

अंजनवेल | बुधवार, पहाटे ५:३०

रानजाई, तुझा प्रतिसाद रात्रीच वाचला, झोप लागेना म्हणून आत्ता लिहितो. पीएमएसएफचं घाटवाट यांनी अचूक सांगितलं. पण माझ्या मते तुझं प्रथिन बफरपर्यंत पोचायच्या आधीच तुटलेलं आहे.

ही गोष्ट ऐक. १९४९ च्या सुमारास बेल्जियममध्ये लूवेनला क्रिस्तियाँ द दूव्ह उंदराच्या यकृतावर काम करत होते. ॲसिड फॉस्फटेज नावाचं एन्झाइम ताज्या होमोजिनेटमध्ये (भरडलेल्या यकृतात) मोजलं तर अपेक्षेपेक्षा फारच कमी. नमुने फ्रिजमध्ये ठेवले आणि पाच दिवसांनी पुन्हा मोजले तर कितीतरी वाढलेलं. एन्झाइम शिळं होऊन कमी व्हायचं, हे वाढलं कसं? त्यांनी ते सोडून न देता त्याचा पाठपुरावा केला. निघालं असं की एन्झाइम एका पडद्याच्या पिशवीत कोंडलेलं होतं आणि दिवस गेले तशी पिशवी फाटली. १९५५ साली तिला लायसोसोम नाव दिलं, १९७४ चं नोबेल मिळालं. आणि तुझं कॅटलेज ज्या पेरॉक्सिसोममध्ये राहतं तोही कप्पा त्याच प्रयोगशाळेने ओळखला. पहिल्या प्रयोगांत हे दोन्ही कप्पे सेंट्रिफ्यूजच्या तळाला एकाच पेलेटमध्ये (गाळात) उतरत होते, वेगळे करायला त्यांना फार कष्ट पडले. म्हणजे तुझं प्रथिन आणि कात्र्यांची पिशवी एकमेकांचे शेजारी.

आता तुझी पिशवी बघ. जनावर कापल्यावर रक्त थांबतं, ऑक्सिजन संपतो, लॅक्टिक ॲसिड साठतं, पीएच उतरायला लागतो. मग तू ते अख्खं उणे २० ला टाकतेस, तिथे हळूहळू गोठतं, मोठे स्फटिक होतात, लायसोसोमचे पडदे फाटतात. मग सिंकमध्ये तासभर. या तासात कॅथेप्सिन, म्हणजे लायसोसोममधल्या कात्र्या, बाहेर, पीएच आम्ल, जे कॅथेप्सिनांना हवंच असतं, आणि तुझा बफर अजून बाटलीत. इनहिबिटर बाटलीत असताना काही करू शकत नाही आणि तुटलेलं जोडू तर कधीच शकत नाही.

पुढचं. पीएमएसएफ मुख्यतः सेरीन जातीला अडवतो. यकृतातले कॅथेप्सिन बी आणि एल सिस्टीन जातीचे, डी ॲस्पार्टिल जातीचं. बी-एल साठी ई-६४ १० मायक्रोमोलर किंवा ल्युपेप्टिन, डी साठी पेप्स्टॅटिन १ मायक्रोमोलर. ही तिन्ही जपानी संशोधकांनी सूक्ष्मजीवांतून काढलेली, ल्युपेप्टिन आणि पेप्स्टॅटिन टोकियोत उमेझावांच्या संस्थेत १९६९-७० ला, ई-६४ १९७८ ला एका बुरशीतून. पेप्स्टॅटिन पाण्यात विरघळत नाही, मिथेनॉलमध्ये कर.

आणि ईडीटीए-मर्कॅप्टोइथेनॉलची जोडी. घाटेअळी यांना विचार, पपेन जागं करायला काय घालतात? ईडीटीए आणि सिस्टीन. सिस्टीन जातीच्या कात्रीला तिचा गंधकाचा गट मोकळा लागतो, मर्कॅप्टोइथेनॉल तो मोकळा ठेवतं आणि ईडीटीए त्याला अडवणारे जड धातू काढून घेतं. म्हणजे धातूवाल्या कात्र्या तू अडवल्यास आणि कॅथेप्सिन बीला जेवण वाढलंस. कॅटलेजला मर्कॅप्टोइथेनॉल खरंच हवंय का ते बघ.

शेवटचं, अमोनियम सल्फेट घालताना पीएच मोजतेस का? ते जरा आम्ल असतं, पीएच ६ च्या खाली गेला की कॅथेप्सिन डी जागं होतं.

घाटेअळी | बुधवार, सकाळी ७:५०

काका, दंडवत. पपेनचं १०० टक्के बरोबर, आम्ही तेच घालतो.

बाराखडी | बुधवार, सकाळी ९:२०

मी शाळेत विज्ञान शिकवते. लायसोसोमला आम्ही पुस्तकात 'आत्मघाती पिशव्या' म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. फ्रिजमध्ये पाच दिवस राहिलेल्या नमुन्याची गोष्ट उद्या नववीला सांगणार आहे.

निळी_शाई | बुधवार, सकाळी ११:००

एक छोटी सूचना, बफर आठवडाभर ठेवायचा असेल तर त्यात थोडं सोडियम अझाइड घाल, बुरशी-बॅक्टेरिया वाढणार नाहीत. बॅक्टेरियाही प्रोटीएज सोडतात.

स्पेक्ट्रम | बुधवार, सकाळी ११:०८

थांब थांब रानजाई, अझाइड नको! दुसऱ्या कुठल्याही प्रथिनाला चाललं असतं, पण अझाइड कॅटलेजलाच अडवतं. बँड सुंदर येईल आणि ॲक्टिव्हिटी शून्य.

निळी_शाई | बुधवार, सकाळी ११:१५

अरे हो की. क्षमस्व, माझं काम यीस्टचं आहे, डोक्यात नव्हतं. ०.२ मायक्रॉनमधून गाळून घे मग. रच्याकने यीस्टमध्येही हीच कथा, आमचे खलनायक व्हॅक्युओलमध्ये (यीस्टचा लायसोसोमसारखा कप्पा). त्यावर इनहिबिटरपेक्षा चांगला उपाय म्हणजे पेप४ जीन काढलेला स्ट्रेन, ते एक प्रोटीएज गेलं की बाकीची बरीच तयारच होत नाहीत. ई. कोलायवाल्यांचा बीएल२१ तसाच, त्यात लॉन आणि ओम्पटी ही दोन नाहीत. शेळीचं असं करता येत नाही हा भाग वेगळा.

रानजाई | बुधवार, रात्री १०:३०

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून कोल्डरूमच्या दाराला लावलाय. गाइडनाही दाखवला, त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले की आधी हे सिद्ध करून दाखव की आमच्या यकृतात सिस्टीन जातच जास्त आहे, मग ई-६४ मागवू. आता हे फ्लुरोसंट सबस्ट्रेटशिवाय (प्रोटीएजने कापला की चमकणारा पदार्थ) कसं दाखवू?

घाटेअळी | गुरुवार, सकाळी ७:४०

सबस्ट्रेट कशाला, एक्स-रे फिल्म घे. जुनी, कोणाचीही. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि काळी चांदी त्या जिलेटिनमध्ये अडकलेली असते. प्रोटीएजने जिलेटिन खाल्लं की चांदी सुटते आणि तिथे पारदर्शक खिडकी होते. १९९४ साली औरंगाबादच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी जेलमधले इनहिबिटर शोधायला एक्स-रे फिल्म वापरायची पद्धत छापली, आमच्या किड्यांच्या कामात ती रोजची झालीय.

तुझ्यासाठी सोपं रूप: फिल्मचा पूर्ण काळा कोपरा कापून घे. होमोजिनेटचं सुपरनॅटंट (सेंट्रिफ्यूजनंतर वर राहिलेलं निवळ द्रावण) पीएच ५.५ च्या बफरमध्ये थोड्या मर्कॅप्टोइथेनॉलसकट घे. एक थेंब नुसता, एक पीएमएसएफसह, एक ई-६४ सह, एक पेप्स्टॅटिनसह, आणि एक नुसत्या बफरचा. इनहिबिटर आधी १५ मिनिटं मिसळून ठेव. ओल्या टिश्यूच्या डब्यात ३७ अंशांवर दोन तास, मग कोमट नळाखाली धू. बोटाने घासू नकोस, थर ओला असताना सगळाच निघतो. ई-६४ चे थोडे मायक्रोलिटर शेजारच्या एखाद्या विभागात मागून बघ, एवढ्याला कोणी नाही म्हणत नाही.

अंजनवेल | गुरुवार, सकाळी ८:१५

उत्तम. याच्या जोडीला एक शून्य मिनिटाचा नमुना हवा. खाटीकांकडून ताजं यकृत बर्फात आण, हरभऱ्याएवढा तुकडा बारीक करून थेट ९५ अंशांवरच्या एसडीएस बफरमध्ये (एसडीएस म्हणजे प्रथिनं उलगडणारा डिटर्जंट) टाक, पाच मिनिटं. बफर आधीच गरम हवा, गार एसडीएसमध्ये काही प्रोटीएज चालू राहतात आणि उलगडलेलं प्रथिन त्यांना सोपं जातं. तसाच तुकडा तुझ्या गोठवून मोकळ्या केलेल्या पिशवीतला. दोन्ही एकाच जेलवर शेजारी.

खमंग_फोडणी | गुरुवार, सकाळी ८:४०

मी रोज सकाळी हाच धागा आधी उघडते आता. रानजाई, निकाल नक्की लिही.

(तीन आठवड्यांनी)

रानजाई | रविवार, दुपारी ४:१०

धागा वर काढतेय. उशीर झाला कारण प्रत्येक गोष्ट दोनदा केली.

आधी एक्स-रे. आजीच्या गुडघ्याची दहा वर्षांपूर्वीची फिल्म मिळाली, तिने स्वतः ट्रंकेतून काढून दिली. कोपरे अगदी काळे होते. दोन तासांनी नळाखाली धरली तर नुसत्या होमोजिनेटच्या थेंबाखालचा काळा रंग ढगासारखा सुटून वाहून गेला आणि रुपयाहून लहान गोल खिडकी राहिली, पलीकडची माझी बोटं दिसत होती. पीएमएसएफच्या थेंबाखालीही जवळजवळ तेवढीच स्वच्छ खिडकी. ई-६४ च्या थेंबाखाली काळंच, फक्त कडेला जरा फिकट कडं. पेप्स्टॅटिनच्या थेंबाखाली खिडकी होती पण धुरकट. नुसत्या बफरखाली काही नाही. गाइडनी फिल्म खिडकीपाशी उजेडात धरली, बराच वेळ बघत राहिले आणि तिथेच उभ्या उभ्या ई-६४ च्या इंडेंटवर सही केली.

मग शून्य मिनिटाचा नमुना. पहाटे पावणेसहाला खाटीक काकांकडे गेले, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घेऊन. त्यांना सगळं सांगितलं की यकृत आतून स्वतःला कातरतं म्हणून इतकी घाई. ते म्हणाले, "ते तर आम्हाला माहितीये, म्हणून तर कलेजी दुपारपर्यंत विकून टाकावी लागते." ताज्या तुकड्याच्या लेनमध्ये वेस्टर्नवर ६० चा एकच बँड. गोठवून सिंकमध्ये मोकळ्या केलेल्या पिशवीच्या लेनमध्ये खालचे दोन्ही बँड, ठळक. त्यात माझ्या बफरचा थेंबही नव्हता. काका, तुम्ही म्हणालात तसंच, बाटली उघडायच्या आधीच तुटलेलं होतं.

आता पद्धत अशी केलीय. ताजंच यकृत, ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये हाताने चालवायच्या काच-टेफ्लॉन होमोजिनायझरने हलके पाच-सहा फेरे, मिक्सर बंद. मर्कॅप्टोइथेनॉल काढलं, ॲक्टिव्हिटी तेवढीच राहिली. पीएमएसएफ ऐनवेळी, त्यासोबत ई-६४ आणि पेप्स्टॅटिन. अमोनियम सल्फेट घालताना पीएच मोजला तर खरंच ६.१ पर्यंत उतरला होता, आता अमोनियाचे थेंब घालून ७ ला धरते. अजून एक करून पाहिलं, ताजं होमोजिनेट रात्रभर ४ अंशांना, एक जुन्या बफरमध्ये आणि एक नव्यात. जुन्यात सकाळी ४५ चा फिकट बँड आला, नव्यात नाही.

रोखठोक_सांगली | रविवार, दुपारी ४:४५

पावणेसहा! अभिनंदन. आणि ई-६४ चा मुद्दा मी मान्य करतो, रात्रभरच्या नमुन्याने माझी खात्री पटवली. आम्ही रात्रभर कधी ठेवलाच नाही म्हणून आम्हाला कळलं नाही.

घाटवाट | रविवार, सायंकाळी ५:२०

जबरदस्त काम. एक सांग, जास्तीचं यकृत ठेवायचंच झालं तर? दर वेळी पहाटे जाणार का?

स्पेक्ट्रम | रविवार, सायंकाळी ६:०५

द्रव नायट्रोजनमध्ये वाटाण्याएवढे तुकडे टाकून क्षणात गोठवा, उणे ८० ला ठेवा, आणि मोकळं होऊ न देता गोठलेलंच खलबत्त्यात नायट्रोजन ओतत कुटा. ती पूड थेट इनहिबिटरवाल्या थंड बफरमध्ये. मोकळं होतं तेच मुळी इनहिबिटरच्या मिठीत. फक्त कप्पे वेगळे करायचे असतील तर ताजंच हवं, गोठवलं की पडदे फाटणारच.

चार्ल्सकाठ | रविवार, सायंकाळी ७:३०

आणि पुढे शुद्ध झालेलं प्रथिन छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेव ग, एकाच नळीला पुन्हा पुन्हा गोठवणं-मोकळं करणं नको.

रानजाई | रविवार, रात्री ९:००

स्पेक्ट्रमदादा, नायट्रोजन आमच्याकडे महिन्यातून दोनदा येतो, पुढच्या खेपेला मागून ठेवते. तोवर पहाटेच जाईन. खाटीक काकांनी सांगितलंय की गुरुवारी ये, सहाच्या आत पहिलं बोकड असतं, डब्यात बर्फ मीच भरून ठेवतो. फिल्मचा फोटो उद्या टाकते, आजीलाही बघायचाय.